काळ्या कठड्याचा जिना कसा सजवावा?

अबोली_बेसा
नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात आम्ही डुप्लेक्स घेतलं आहे. जिना दिवाणखान्यातूनच वर जातो, त्यामुळे दार उघडलं की पहिली नजर त्याच्यावरच पडते. कठडा लोखंडी, काळा. उभे चौकोनी गज आणि वर चपटी पट्टी. पायऱ्या राखाडी ग्रॅनाइटच्या, भिंती पांढऱ्या. सगळं बिल्डरने दिलं तसंच आहे.

मला तो काळा कठडा मनापासून आवडतो. सासूबाईंना मात्र बघवत नाही. घरात शिरल्या शिरल्या काळं कशाला, असं त्यांचं म्हणणं. सोनेरी करा, नाही तर चॉकलेटी तरी करा म्हणतात. नवरा म्हणतो, रंग राहू दे, पण जिना असा सजव की काळं डोळ्यांवर येणार नाही. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, जेवायला घर भरून माणसं असतात. तोवर हे काम व्हायला हवं.

तर भिंतीवर काय लावू? दिवे कुठे? कठड्यावर वेल, माळा गुंडाळू का? आणि मुळात काळा रंग ठेवावा की बदलावा? घरात सासरे सत्तरीपुढचे आहेत आणि मुलगा तीन वर्षांचा, हेही धरून सांगा.

तर्रीपोहे
काउन बदलता ताई? काळाच राहू द्या. पांढऱ्या भिंतीवर काळे गज लय मस्त दिसते. फोटो टाका न.

माजघर
काळा ठेवा, माझंही तेच मत. सोनेरी रंगाचं सांगते. लोखंडावर सोनेरी ऑइलपेंट पहिली दिवाळी चमकतो, मग हाताचा घाम लागून लागून काळपट-हिरवट पडत जातो. माझ्या नणंदेकडे प्रतापनगरला तसा कठडा आहे. वरची पट्टी एका रंगाची आणि गज दुसऱ्या रंगाचे झालेत.

राहिला शुभ-अशुभाचा मुद्दा. सासूबाईंना एवढंच विचारा, संक्रांतीला नव्या सुनेला कोणत्या रंगाची साडी घेतली होती? काळ्या साडीवर पांढरे हलव्याचे दागिने घालूनच आपण सुनेचं आणि बाळाचं कौतुक करतो. देवघरातला विठोबा काळाच, शाळिग्राम काळाच. रंगाला दोष नाही. काळ्याच्या शेजारी काही उजळ नसलं की ते ओकंबोकं वाटतं, आणि तुमच्या जिन्याचं तेवढंच झालंय असं मला वाटतं.

इतवारी_चौक
सासूबाईंनी अजून काळी मारबत म्हटलं नाही ना? मग काळजी नाही :)

आणि म्हटलंच तर त्यांना सांगा, मारबत, म्हणजे आपण मिरवणूक काढून जाळतो तो पुतळा, तर रोगराई घेऊन जाते. नागपूरकर 1881 पासून काळ्या मारबतीला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आलेत. तुमचा कठडा दारातच उभा आहे, इडापीडा आत शिरणारच नाही.

पळसफूल
माझं मत थोडं वेगळं आहे. घर सासूबाईंचंही आहे, दिवसभर घरात त्याच असतात. त्यांना खटकतं तर गज राखाडी करायला काय हरकत? ग्रॅनाइट राखाडीच आहे, जुळेल. विठोबा काळा म्हणून कठडा काळा, हे काही मला पटलं नाही.

लोहाओळ
मी फॅब्रिकेशनच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंग कोणताही ठेवा, आधी कठडा कशाने रंगवलाय ते बघा. बिल्डरच्या कामात बहुतेक वेळा रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात असतात. पावडर कोटिंग क्वचित. ओळखायचं असेल तर गजाच्या आतल्या बाजूला, खाली, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे नखाने खरवडा. ऑइलपेंट पापुद्र्यासारखा निघतो, पावडर कोटिंग नखाला दाद देत नाही. बसवलेल्या कठड्याला पावडर कोटिंग करता येत नाही. ते साधारण 180 ते 200 अंशांवर भट्टीत भाजावं लागतं, म्हणजे कठडा कापून वर्कशॉपला न्यायचा आणि परत आणून वेल्डिंग मारायचं. वेल्डिंग मारलं की त्या जागचं कोटिंग जळतं. त्या भानगडीत पडू नका.

आता खालचं बघा. गज जिथे पायरीत रोवलेत तिथे गुडघे टेकून बसा आणि बोट फिरवा. फरशी पुसताना पोछ्याचं पाणी रोज त्याच जागी साचतं. त्यात उन्हाळाभर कूलरची ओल. रंगाखाली फुगवटा आला असेल, टिचकी मारल्यावर लालसर भुकटी पडत असेल, तर सजावट राहू द्या, आधी ते काम करा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर, मग रंग. गज आणि फरशीच्या मधली फट सीलंटने बुजवायची. एवढं केलं की कठड्याची पुढे वर्षानुवर्षं कटकट नाही.

काळ्यात मॅट घेऊ नका, आपल्या नागपुरात धूळ फार, मॅटवर कपडा फिरवला की पांढरे फराटे उठतात. ग्लॉसवर बोटांचे ठसे दिसतात. मधला सॅटिन घ्या.

तर्रीपोहे
लोहाओळ भाऊ, तुम्ही तं पूर्ण क्लासच घेतला! आमच्या गच्चीच्या कठड्याचा रंग दर पावसाळ्यात निघून राहिला, त्याचं काय करा लागते?

लोहाओळ
गच्चीवरचं वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात भर दुपारी रंगवलं असेल तर लोखंड तापलेलं असतं, रंग वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. पावसाळ्यात हवेतच ओल, म्हणून तेव्हाही नाही. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा, सकाळी दव उडाल्यावर. अबोलीताईंचं काम घरातलं आहे, त्यांना चार कोरडे दिवस मिळाले तरी चालेल.

जवसाची_चटणी
अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या गावाकडचे लोहार रंग विकत आणतच नसत. लोखंड तापलेलं असतानाच त्यावर जवसाचं तेल लावायचे. तेल धूर सोडत जळायचं आणि अंगाला एक काळी कातडी धरायची, हाताला तुळतुळीत लागणारी. आजोबांच्या घरच्या खिडकीचे गज तसे आहेत, अजून गंजले नाहीत. जवसाचं तेल गरम होऊन घट्ट थर धरतं, म्हणून ते टिकतं. म्हणजे लोखंडाचा काळा रंग ही काही आजकालची फॅशन नव्हे. आपल्या विदर्भातल्या जवसानेच तो दिलाय.

माजघर
किती छान माहिती! हे सासूबाईंना वाचून दाखवण्यासारखं आहे.

अबोली_बेसा
सगळ्यांचे आभार. लोहाओळ, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. खालच्या तीन गजांना खरंच फुगवटा आहे, आणि रंग नखाने निघतोय. रंगारी बोलावतेच. आता भिंत आणि दिव्यांचं सांगा कुणीतरी. दुकानात प्लास्टिकची हिरवी वेल बघून आले, कठड्याला गुंडाळली तर काळं लपेल असं वाटतंय.

चौथी_पायरी
वेल नको! कृपया नको.

माझे वडील पार्किन्सन्सचे रुग्ण होते. जिना चढताना त्यांचा सगळा भार कठड्यावर असायचा. हात उचलून पुढे ठेवणं त्यांना जमत नसे, ते पट्टीवरून हात सरकवत सरकवत चढायचे. एका लग्नात यजमानांनी कठड्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. वडिलांचा हात माळेवर पडला, माळ फिरली आणि ते तीन पायऱ्या खाली आले. मनगट मोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, कठड्याची वरची पट्टी ही हाताची जागा आहे. तिथे फूल नको, दिवा नको, वेल नको, काहीच नको. तुमच्या घरात सत्तरीपुढचे सासरे आहेत. सजावट भिंतीवर करा, पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर करा, जिन्याखाली करा. जागा भरपूर आहेत.

पळसफूल
चौथी_पायरी, तुमचं शंभर टक्के बरोबर. पायऱ्यांवर कडेला कुंड्या ठेवतात तेही मला तितकंच धोक्याचं वाटतं. दिवाळीत पायरीवर पणत्या मांडणं तर फारच. तेल सांडलं की ग्रॅनाइटवर पाय सटकतो, आणि वर चढणाऱ्या बाईचा पदर कुठे जातो ते तिला कळतही नाही.

इतवारी_चौक
पण मग महालक्ष्म्यांना, दिवाळीला कठडा अगदी उघडाच ठेवायचा का? झेंडू आणि काळं लोखंड ही जोडी फार देखणी दिसते हो. भगवा-पिवळा रंग काळ्यावर जसा उठतो तसा पांढऱ्यावर उठत नाही.

चौथी_पायरी
उघडा कशाला? माळा पट्टीखाली, गजांना बाहेरच्या बाजूने बांधा. हाताला लागत नाहीत आणि दिवाणखान्यातून पूर्ण दिसतात. सुती दोऱ्याने बांधा, तारेने नको, तारेने रंगावर ओरखडे पडतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाका, ओला झेंडू लोखंडाला चिकटून राहिला तर डाग धरतो.

लोहाओळ
वर मुलाचा उल्लेख होता म्हणून सांगतो. दोन गजांमधलं मोकळं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. टेप लावून मोजा. उभे गज आहेत हे फार चांगलं आहे. आजकाल आडव्या पट्ट्यांचे कठडे करून मागतात लोक, दिसायला आधुनिक, पण पोट्टे त्यावर शिडीसारखे चढतात. मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, घरात लहान मूल असेल तर मी आडवे गज करून देणार नाही.

महालची_लेक
जिन्यांवरून आठवलं. महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात जिना म्हणजे दोन भिंतींच्या मधला अंधारा बोगदा. पायऱ्या लाकडी, एवढ्या उंच की लुगडं सावरून चढावं लागे. कठडा नव्हताच, वरून एक जाड दोर सोडलेला होता, तो धरायचा. दोराला पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांची चकाकी होती. वर पोचलं की लाकडी झडप, रात्री ती लावून घ्यायची म्हणजे खालून कुणी येऊ शकत नाही. तेव्हा जिना लपवायचे, आता तो दिवाणखान्यात मिरवतो. मला हे आताचं आवडतं. बायकांना ताटं घेऊन चढता येतं, उजेड असतो.

आणि सजावटीचं म्हणाल तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आठवतात. आमच्याकडे आजोबांचा, काकांचा, भावाचा असे सगळे नंदी आहेत, चाकांवरचे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असं लहानपणी ऐकलं, तेव्हापासून प्रत्येक घरात पिढीचा एक तरी नंदी असतोच. अबोली, तुमच्याकडे असतील तर जिन्याच्या वळणावर भिंतीत एक फळी मारून ते मांडा. तुमचा मुलगाही त्यातला एक पोळ्याला काढेल. बाजारच्या कुठल्याही शोपीसपेक्षा ते सुंदर दिसेल.

अबोली_बेसा
अहो, सासऱ्यांचा सागवानी नंदी आहे आमच्याकडे! माळ्यावर पेटीत पडलाय. ही कल्पना फारच आवडली.

उजेडाचं_घर
दिव्यांवर मी लिहिते, घरातल्या प्रकाशयोजनेचंच काम करते.

पहिलं, जिन्याला टू-वे स्विच आहे ना ते बघा. खाली लावून वर बंद करता आला पाहिजे. बऱ्याच डुप्लेक्समध्ये तो नसतो, आणि माणसं अंधारात उतरतात. ते नसेल तर बाकी काही करण्याआधी ते करून घ्या.

दुसरं, पिवळसर प्रकाश घ्या, 3000 केल्विन. काळ्या लोखंडावर निळसर पांढरी ट्यूब पडली की ते दवाखान्यासारखं दिसतं. सासूबाईंना काळं खटकतंय त्यामागे निम्मा दोष दिव्याचा असू शकतो.

तिसरं, प्रत्येक पायरीखाली एलईडी पट्टी हे मी सुचवत नाही. पट्टीमागचा चिकट टेप नागपूरच्या उन्हाळ्यात सैल पडतो आणि पट्टी लोंबायला लागते. लावायचीच तर ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवा, उष्णता निघून जाते आणि ठिपकेही दिसत नाहीत. त्यापेक्षा भिंतीत, पायरीपासून वीतभर उंचीवर, एक सोडून एक पायरीला छोटे खाली उजेड टाकणारे दिवे द्या. उजेड पावलावर पडतो, डोळ्यांत जात नाही. आणि गंमत म्हणजे उभ्या गजांच्या सावल्या दिवाणखान्याच्या फरशीवर तिरप्या पसरतात. ती नक्षी फुकट मिळते, आणि ती गज काळे-सडपातळ असले तरच उठून दिसते.

तर्रीपोहे
दिवे भिंतीत द्यायचे तं भिंत फोडा लागन न? नव्या घरात?

उजेडाचं_घर
झिरी मारावी लागेल, हो. म्हणून रंगाच्या आधी. फोडायची नसेल तर भिंतीवरचे बॅटरीवाले सेन्सर दिवे मिळतात, रात्री आजोबा पाणी प्यायला उठले तरी आपोआप लागतात. दिसायला तेवढे देखणे नाहीत, पण उपयोगाचे आहेत.

पळसफूल
भिंतीवर फोटो लावणार असाल तर एक युक्ती. आधी वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापा, टेपने चिकटवा, दोन दिवस येता-जाता बघा, मगच ड्रिल करा. फ्रेमची ओळ कठड्याला समांतर चढली पाहिजे. प्रत्येक फ्रेमचा मध्य तिच्या खालच्या पायरीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवा. फ्रेम काळ्या घेऊ नका, काळं फार होतं. साध्या सागवानी पातळ फ्रेम घ्या. आणि घरच्यांचेच फोटो लावा, सासूबाईंच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो सगळ्यात खाली, दारातून दिसेल असा. बघा त्यांना काळं आवडतं की नाही :)

कोसा_आणि_कापूस
फोटो सगळेच लावतात. वळणाच्या मोठ्या भिंतीवर एकच मोठी वस्तू लावा असं मी म्हणेन. भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, मिळतो, त्याचा नैसर्गिक मधासारखा रंग असतो. एक लांब पट्टा दोन लाकडी दांड्यांत ताणून उभा टांगला की काळ्या गजांच्या शेजारी तो उजळून निघतो. भंडाऱ्याची पितळही नावाजलेली आहे. जिन्याच्या पायथ्याशी जुनं पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि फुलं. एवढं पुरे.

महालची_लेक
घंगाळ पायथ्याशी ठेवाल तर शेवटच्या पायरीपासून हातभर बाजूला. तीन वर्षांचं मूल आहे.

सीमेंट_रोड
जिन्याखालच्या जागेचं कुणी बोललंच नाही. नागपुरात त्या जागेचा मालक ठरलेला असतो. दिवाळीपासून होळीपर्यंत कूलर! त्याला झाकायचं काय ते सांगा.

कोसा_आणि_कापूस
हे मात्र खरं. आमच्याकडे बांबूच्या चटईचा सरकता पडदा केलाय, गडचिरोलीकडचे कारागीर फार सुबक विणतात. हवाही खेळती राहते.

लोहाओळ
हवा खेळती ठेवणं महत्त्वाचं आहे, विशेषतः इन्व्हर्टर तिथे असेल तर. पाण्याच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. प्लायवूडचं घट्ट बंद कपाट करून आत बॅटरी ठेवू नका. जाळी किंवा बांबूचं दार द्या.

सागवान
उशिरा आलो धाग्यावर. सगळं वाचलं. मूळ प्रश्न काळा ठेवावा की बदलावा हा होता, त्यावर मला एक सुचवायचं आहे. गज काळेच ठेवा आणि वरची पट्टी सागवानाची करा.

अबोलीताईंनी लिहिलंय की वर चपटी लोखंडी पट्टी आहे. म्हाताऱ्या माणसाची पकड चपट्या पट्टीवर नीट बसत नाही, बोटं खाली वळत नाहीत. त्यावर साधारण 45 मिलिमीटर जाडीचा, वरून गोल घडवलेला सागवानी हातकठडा बसवता येतो. लोखंडी पट्टीला दर वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि स्क्रू खालून वर मारायचे, म्हणजे वरून एकही खिळा दिसत नाही. लकडगंजात माल मिळतो, घडवूनही देतात. फक्त लाकूड पूर्ण सुकलेलं घ्या. कच्चं लाकूड एप्रिल-मेमध्ये आपल्या कोरड्या हवेत आकसतं, वाकतं आणि वळणावरचे सांधे उघडतात. आलापल्ली-बल्लारशाकडचा सागवान आपल्या हाताशी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारशाहूनच लाकूड गेलं होतं, हे सासूबाईंना ठाऊक असेलच.

काळे गज खाली, वर तेलपाण्याचं तांबूस लाकूड. चॉकलेटी हवं म्हणणाऱ्यांना चॉकलेटी मिळालं आणि तुमचं काळंही राहिलं. उन्हाळ्यात लोखंडासारखं तापत नाही, डिसेंबरात गार लागत नाही.

चौथी_पायरी
सागवान, फार योग्य सुचवलंत. जमलं तर भिंतीकडच्या बाजूलाही तसाच एक हातकठडा द्या. उतरताना आजोबांचा चांगला हात कोणत्या बाजूला येईल सांगता येत नाही.

पळसफूल
मी माझा राखाडी मागे घेते. हे जास्त छान.

अबोली_बेसा
काल संध्याकाळी सासूबाईंना धागा वाचून दाखवला. जवसाच्या तेलापाशी त्यांनी थांबवलं. त्यांच्या माहेरी, उमरेडकडे, खिडक्यांचे गज तसेच होते म्हणाल्या. मग सागवानाचं वाचलं, आणि लाकूड बघायला लकडगंजात मी स्वतः येते म्हणाल्या. त्यांच्या लग्नाच्या फोटोचं मात्र अजून सांगितलं नाही, तो मला परस्पर मोठा करून आणायचा आहे.

ठरलं ते असं. गज काळेच, सॅटिनमध्ये, खालचा गंज काढून. वर सागवान, भिंतीकडेही सागवान. वळणावर फळी आणि नंदी. खालच्या भिंतीवर घरचे फोटो. टू-वे स्विच नव्हता, तो घालून घेतोय, त्याच झिरीत भिंतीतले दिवे. प्लास्टिकची वेल रद्द. गजांमधलं अंतर मोजलं, 11 सेंटिमीटर भरलं. लोहाओळ, याचं काय करू? आणि सुतार, रंगारी, वायरमन यांत आधी कुणाला बोलावू?

लोहाओळ
11 म्हणजे जास्तच. सगळे गज काढायची गरज नाही. प्रत्येक फटीत मधोमध 8 मिलिमीटरची एक बारीक सळी उभी वेल्ड करून घ्या, वर-खाली पट्टी असेल तर सोपं आहे. खाली पट्टी नसेल तर आधी ती मारावी लागेल. बारीक-जाड, बारीक-जाड अशी ओळ दिसायलाही चांगली दिसते.

क्रम असा ठेवा. आधी वायरमन, भिंतीची धूळ होऊन जाऊ द्या. मग वेल्डर, त्याच्याकडूनच सागवानासाठी वरच्या पट्टीला भोकं पाडून घ्या, आणि ठिणग्या उडतात म्हणून पायऱ्यांवर ओली गोणपाटं टाका, नाही तर ग्रॅनाइटवर काळे ठिपके पडतील. मग रंगारी. सुतार सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर. मापं घ्यायला मात्र सुताराला आत्ताच बोलावून ठेवा, लाकूड घडवायला त्याला वेळ लागेल.